पाणी आटवू नगंस

भूतखेत, अंगात येणं असलं काही ऐकलं की मला आजही हसू येतं. सायन्सची पदवीधर आहे मी! तरीही हे लिहितेय, कारण इतकी वर्षं झाली तरी ते मनातून जात नाही...

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, कुंडलला आले होते. तापात माझं दूध गेलं, म्हणून लेकीला डब्यातली पावडर सुरू केली. पाणी आमच्या उसातल्या विहिरीचं. आई फार जपायची — चुलीवर पाणी निम्मं होईपर्यंत आटवायची आणि मगच त्यात पावडर कालवायची. "कच्चं पानी लेकराला न्हाई द्यायचं," हा तिचा कायदा.

थोड्याच दिवसांत पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. आई म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. एका दुपारी तर नखंही निळी पडली, रडण्यातही जोर राहिला नाही. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिला मांडीवर घेऊन मी मागच्या दारी चुलीवर पुन्हा पाणी ठेवलं.

"आटवू नगंस!"

समोर हिरव्या साडीतली एक अनोळखी बाई. हनुवटीवर गोंदण, भुवईत जुनी खोक.

"आटवशील तेवढं वाईट. माझं बी असंच निळं पडलं हुतं. सांगलीला ने, आत्ताच्या आत्ता!"

मी पोरीकडे पाहिलं, मान वर केली... कोणी नव्हतं. दारातच गहू निवडत बसलेली आई विचारत होती, "एकटीच कुनाशी बोलतीयास गं?"

पण मी विचार करत बसले नाही. शेजाऱ्यांच्या जीपने आम्ही सांगली गाठली.

डॉक्टरांनी रक्त काढलं, तर ते चॉकलेटी! म्हणाले, शेतातल्या खताचं नायट्रेट विहिरीत उतरतं आणि तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. उकळून ते जात नाही, आटवलं की उलट वाढतं. अजून उशीर झाला असता तर... लेक वाचली. मी तिथेच ढसाढसा रडले.

घरी आल्यावर त्या बाईचं वर्णन सांगितलं, तर आईने लगेच ओळखलं. "आगं, ती तर वरच्या आळीची सुमन! बाळ गेलं तिचं, तवाच गाव सोडलं. म्हाबळेश्वरला ऱ्हाती आता." मी तेव्हा हॉस्टेलवर होते, तिला कधी पाहिलेलंच नव्हतं.

म्हणजे जिवंत बाई! थंडीत लेकीला घेऊन आम्ही मुद्दाम तिच्याकडे गेलो. सुमन कुंडलला पुन्हा कधीच गेली नाही, असं तिच्या नवऱ्याने शपथेवर सांगितलं. पाण्याचं कोडं डॉक्टरांनी सोडवलं. हे मला आजपर्यंत सुटलेलं नाही.

कारण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातून ती उठली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिने मातीचे हात पदराला पुसून पुढे केले...

"आन हिकडं. लय निळी पडली हुती गं त्या दिवशी."