नामदेवभाऊंचं गेट

नामदेवभाऊंना सब्बलीने, लोखंडी पहारीने मारलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या भावाला मारलं होतं, तेही सब्बलीनेच.

दोन्ही वाक्यं शेजारी शेजारीच लिहायची, हे मी ठरवून बसले होते. एक लिहून दुसरं गाळलं तर पोस्ट खोटी होईल.

आज त्यांची तेरवी झाली.

मी वेल्डिंगची परीक्षक आहे. मागच्या वर्षी नागपूरच्या जेलमध्ये कैद्यांच्या बॅचची परीक्षा घ्यायला गेले, तिथे ते भेटले.

वेल्डिंग मी आधी घरी शिकले, कॉलेज नंतर. कन्हानला बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बाबांचा पहिला धडा होता, "वरून चमकते ते पाहू नको वं. हाणून पाह्य."

म्हणजे जोडलेल्या प्लेटा व्हाइसमध्ये आवळायच्या आणि जोडाच्या पाठीवर हातोडा घालायचा. जोड कच्चा असेल तर उघडतो. आत काय दडलंय ते दिसतं.

जेलमध्ये हातोडा शिपायाकडून सही करून घेतला. खुनाच्या केसमधली माणसं भिंतीला लागून गप्प उभी होती आणि हाणत होते मी एकटी.

नामदेवभाऊंचा जोड सगळ्यांत देखणा होता.

तिसऱ्या घावाला उघडला. आत काळी रेघ. पहिल्या थरावर जमलेली मळी, जळकं कवच, न झाडताच त्यांनी दुसरा थर दिला होता.

दोन मार्कांनी नापास.

तिथले इन्स्ट्रक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, दोनच मार्क. माणूस महिन्याभरात सुटून राहिला. सर्टिफिकेट असलं तर बुटीबोरीत काम भेटते त्याले."

नाही दिले. उद्या यांनी जोडलेल्या जिन्यावरून कुणी पडलं तर?

नामदेवभाऊ तुटलेली प्लेट उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "जज साहेबानं बी मले एवढं हाणून नाही पाहिलं."

अख्खं वर्कशॉप हसलं. मीसुद्धा.

सुटल्यावर बुटीबोरीच्या कंपनीने कागद नाही म्हणून परत पाठवलं. मग ते विचारत विचारत आमच्या दुकानात आले. काम मागायला नाही.

"मॅडम, कुठं चुकलो तेवढं दाखवा."

अख्खी दुपार दाखवलं. मळी झाडा, ब्रश मारा, मग दुसरा थर. म्हटलं, "घाई करता तुम्ही."

"घाईच हाये माही," ते म्हणाले. "शेताच्या धुऱ्याचं, हद्दीचं भांडण होतं. भाऊ पाठ फिरवून चालला होता. मी उलीसा थांबलो असतो तर घरी पोचला असता तो."

सात वर्षांचा पुतण्या तिथेच उभा होता, हेही त्यांनीच सांगितलं. बापाचं रक्त त्याच्या शर्टावर उडालं होतं.

बाबा म्हणाले, "राहा गा नामदेव, इथंच काम कर."

मी बाबांना आत नेलं. "त्यांची फेरपरीक्षा जेलमध्येच होईल, ती मीच घेणार आहे. आपल्याच दुकानातला माणूस मी कसा तपासू?"

"तुह्या नियमानं त्याचं पोट भरते का?"

"परीक्षेपर्यंत चारच महिने, बाबा. मग ठेवू."

बाबांनी रागारागात जुनी वेल्डिंग मशीन त्यांना देऊन टाकली. ते सावनेरकडच्या आपल्या गावी गेले. समोरच वहिनीचं घर. त्या घरात तो पुतण्या, आता एकवीस वर्षांचा.

हे मला माहीत होतं.

महिन्याने फोन आला. "मॅडम, घराले गेट बनवलं. या, हाणून पाहा."

"परीक्षेत बघू ना, भाऊ."

"आता गेट का जेलमध्ये घेऊन येऊ मी?" आणि खूप हसले.

मी गेले नाही.

तेरा दिवसांपूर्वी भर दुपारी पुतण्या आणि आणखी दोघे आले. गेटला आतून कडी होती. त्यांनी सब्बल घालायला सुरुवात केली.

शेजारच्या काकू आज सांगत होत्या, "लोहाराच्या भट्टीवानी आवाज येत होता पोरी. नामदेव आतून म्हणे, बाबू, जाय घरी. तू जेलात गेला तर तुह्या मायले कोण पाहीन?"

कुणी बाहेर आलं नाही.

गेट तुटेना, तेव्हा ते मागच्या भिंतीवरून आत उतरले. अंगणात गाठलं. पहिला घाव डोक्याच्या मागे. ते पडल्यावरही थांबले नाहीत. पुढचं मी लिहिणार नाही. एवढंच की चेहऱ्यावरून ओळख पटली नाही. हातावर ठिणग्यांनी भाजल्याचे डाग होते, त्यांवरून पटली.

आज बाबांबरोबर गेले. समोरच्या ओट्यावर वहिनी बसली होती. नवरा गेला, मुलगा जेलमध्ये. ती इकडे आली नाही, उठून घरातही गेली नाही.

गेटचा पत्रा फाटला होता. सळया वाकल्या होत्या. बिजागरीच्या जोडांवर सब्बलीचे खोल वण होते. मी मातीत गुडघे टेकून एकेक जोड पाहिला.

बाबांनी गाडीतून हातोडा आणला आणि माझ्या हातात दिला.

मी पूर्ण जोराने हाणलं. तीन घाव. चार. पाचव्याला मनगट बधिर झालं.

केसाएवढीही चीर नाही.

कमेंटमध्ये "तुझी चूक नाही" असं कृपा करून कुणी लिहू नका. नापास केलं ते बरोबर होतं. दुकानात राहू दिलं नाही, त्याचं माझं मी बघेन.

नामदेवभाऊ, गेट पाहायला उशिरा आले.

जोड पास आहे.

शेवटचा नमस्कार.