रंगुआत्याची बॅटरीची सायकल

माझी रंगुआत्या सोनईत तान्ह्या बाळांना न्हाऊ घालते. साठी उलटल्यावर तिचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून तिच्या मुलाने, हर्षलने, तिला पुण्याहून बॅटरीवर चालणारी सायकल पाठवली. आत्याने जन्मात साधी सायकलही चालवली नव्हती. पण ती आपटत धोपटत शिकली, आणि मग तिला घर आठवेनासं झालं. शेवटचं बाळ न्हाऊन झोपलं की बाई उगीचच ओढ्यापर्यंत जाऊन यायची. आयुष्यभर न्हाणीच्या धुरात डोळे चोळले, आता तोंडावर गार वारं लागतं, असं ती ज्याला त्याला सांगे.

तिचे यजमान कानिफमामा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, अतिशय गंभीर गृहस्थ. चारचौघांत बायकोशी बोलायलाही त्यांना लाज वाटे. एका सकाळी मात्र त्यांची एसटी चुकली. आत्या म्हणाली, फाट्यावर सोडते. मामांनी आजूबाजूला कोणी बघत नाही ना, हे पाहिलं आणि ते मुकाट्याने मागे बसले.

उतारावर एक शेळी आडवी आली. आत्याने घाबरून हँडलची उजवी मूठ गच्च धरली आणि मागे ओढली. पण त्या मुठीतच वेग होता! ती जितकी ओढत गेली, तितकी सायकल उधळत गेली. शेळी वाचली. पुढे रस्त्याकडेला बायका कांदा निवडत बसल्या होत्या.

"रंगू, मूठ सोड!" मामा ओरडले.

आत्याने मूठ सोडली, पण तोवर दोघंही कांद्याच्या ढिगावर होती.

मी भिंगारला राहते, त्यामुळे नगरच्या दवाखान्यात मीच आधी पोचले. अपघात विभागात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. आत्याचं मनगट मोडलेलं, मामांचं गळ्याजवळचं हाड. आणि आत्या हसत होती. हात हलला की कळवळायची, पुन्हा हसायची. डोक्याला मार बसलाय की काय, अशी तिथल्या धनश्री डॉक्टरांना शंका आली. त्यांनी वार विचारला, गाव विचारलं. आत्याने सगळं बरोबर सांगितलं.

"मग हसताय का एवढ्या?"

"आवो, चाळीस वर्सांत पयल्यांदा माजं नाव घेतलं यांनी," आत्या म्हणाली, "तेबी भर रस्त्यात."

डॉक्टर मामांकडे वळल्या. आत्याकडे बोट दाखवून, यांचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. मामा छताकडे बघायला लागले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. मामा पंख्याची पाती मोजायला लागले. स्मृती गेली असं समजून त्यांनी डोक्याचा स्कॅन सांगितला. मी घाईघाईने म्हटलं, की मामांना सगळं आठवतंय, ते फक्त लाजताहेत. तेव्हा मामांनी डोळे मिटून, रेशनकार्डावर असतं तसं, आत्याचं नाव आडनावासकट म्हटलं. पलीकडच्या खाटेवरचा पाय मोडलेला माणूससुद्धा हसायला लागला.

स्कॅन तरीही झालाच, दोघांचाही, कारण डोक्यावर हेल्मेट नव्हतं. नशिबाने दोघांच्याही डोक्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी नंतर खडसावलं. हल्ली अशा गाड्यांवरून पडलेले पुष्कळ येतात, म्हणाल्या. साधी सायकलच आहे असं समजतात आणि डोकं फोडून घेतात.

हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत आत्या न्हाणीच्या दारात पाटावर बसून शेजारच्या ज्ञानेश्वरीला बाळं न्हाऊ घालायला शिकवत होती. हर्षल फोनवर म्हणाला, सायकल विकून टाकू. मामांनी फोन ठेवून दिला आणि नेवाशाहून दोन हेल्मेट आणली.

परवा मी सोनईला गेले, तर घराला कुलूप. दोघं कारखान्याच्या रस्त्यावर सापडली. या वेळी हँडल मामांच्या हातात होतं, मिशीखाली हसू मावत नव्हतं, आणि आत्या कॅरिअर धरून मागून ओरडत होती, "हळू! आवो, पुढं बघा, माज्याकडं न्हाई!"