वसंताच्या मुलाखतीची तयारी

साल १९८४, जून महिना, मंगळवार, संध्याकाळचे साडेसात. जागा – लालबागमधल्या आमच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची एकवीस नंबरची खोली. रक्कम पंधरा रुपये. हजर माणसं तीन – मी, वसंता आणि वसंताची आई, जिला मी काकी म्हणायचो. काकी आता नाहीत. वसंता हजर होता, पण त्याच्या समोर काय झालं ते त्याला आजही माहीत नाही. म्हणजे खरं सांगू शकेल असा मी एकटाच उरलो, आणि मी ते बायकोलाही सांगितलेलं नाही. सव्वीस वर्षं होतील.

तुम्हाला सांगतो. पण एकदम सांगता येईल असं वाटत नाही – थोडं मागून येऊ द्या.

वसंता आणि मी एका वयाचे, एका मजल्यावर वाढलो. दोघांचे वडील एकाच गिरणीत. माझे वडील साचे, म्हणजे माग, चालवायचे, त्याचे रंगखात्यात होते, त्यांच्या नखांतला निळा रंग गणपतीच्या सुट्टीतही जायचा नाही. दहावीला मला वसंतापेक्षा अकरा मार्क जास्त होते. अकरा. हा आकडा मी अजून विसरलेलो नाही, यावरून काय ते समजा.

मी बी.कॉम. झालो आणि वर्षाच्या आत गिरण्यांचा संप सुरू झाला. मला सीए व्हायचं होतं. पण घरात पाच माणसं आणि पगार कुणाचाच नाही, तेव्हा फोर्टमधल्या एका निर्यात कंपनीत हिशेबाला लागलो. वसंताच्या घरीही पगार नव्हता. काकी खाणावळ चालवायच्या. संपाआधी चाळीस ताटं होती, माणसं गावी निघून गेली तशी ती नऊवर आली. तरी काकी त्याला म्हणाल्या, तू शीक. आणि तो शिकला – कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र. मला घरी कुणी ‘तू शीक’ म्हणालं नाही. म्हणू शकत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळल्याने काही कमी होतं का?

मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं त्याला पत्र आलं. फी माफ, शिवाय प्रयोगशाळेत काम करायचं त्याचे पैसे. त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, “वसंतान नाव काढल्यान.” मग भात कालवत, माझ्याकडे न बघता – “तुजा बरा आसा मां आफिसात?”

त्या दिवसापासून वसंता शिट्टी वाजवत जिना चढला की मी आतून कडी लावायचो.

काकींनी त्याच्यासाठी मसाला केला. दोन किलो मिरच्या गॅलरीत वाळत घातल्या, भाजल्या, कुटल्या. अख्खा मजला दोन दिवस खोकत होता. कुणी विचारलं, “काय गो, झिलाचा लगीन काढलंस की काय?” तर काकी म्हणायच्या, “अमेरिकेक मसालो जाताहा.” शेजारणी हसायच्या. मीही हसायचो, आणि घरात येऊन डोळे धुवायचो. मिरचीनेच ते चुरचुरत होते असं म्हणायची सोय होती.

आता आमच्या ऑफिसातली एक गोष्ट. शेठचा पुतण्या आदल्याच वर्षी अमेरिकेला शिकायला गेला होता. त्याचे सगळे कागद मी टाइप केले. पहिल्या खेपेला वकिलातीत त्याला साहेबाने विचारलं, शिक्षण झाल्यावर काय करणार? तो म्हणाला, तिथेच चांगली नोकरी धरीन. साहेबाने व्हिसा नाकारला आणि पासपोर्टात तसा शिक्का मारून दिला. मग कुणी जाणत्याने त्याला समजावलं – विद्यार्थ्याने परत यायचं असतं, तुझं घर आणि धंदा इथे आहे हे त्यांना पटायला हवं. तो तीन महिन्यांनी पुन्हा गेला, काकांचा धंदा सांभाळायला परत येणार म्हणाला, आणि त्याला व्हिसा मिळाला. हे त्याने मला चहा पिताना स्वतः सांगितलं होतं. तेव्हा आमच्या चाळीत, कदाचित आमच्या गल्लीतसुद्धा, ही गोष्ट माहीत असणारा माणूस एकच होता.

वसंताचे कागद त्याच्या प्राध्यापकांनी तपासून दिले होते. मुलाखतीत काय बोलायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. काकींनी मला हाक मारली. “तुका इंग्रजी येता. तू खुर्चेर बस, सायब हो. त्येका इचार.”

मी खुर्चीवर बसलो. वसंता समोर उभा राहिला, हात मागे बांधून, शाळेत राहायचा तसा. मी नाव विचारलं, विषय विचारला, हेच विद्यापीठ का ते विचारलं. मग तो प्रश्न विचारला – शिक्षण झाल्यावर काय करणार? का विचारला? तो येणार हे मला माहीत होतं म्हणून. त्याचं उत्तर काय येतं ते बघायचं होतं म्हणून.

वसंता जे इंग्रजीत बोलला ते असं – माझे वडील गिरणी कामगार आहेत, दोन वर्षांहून जास्त संपात आहेत. तीस वर्षं त्यांनी दर महिन्याला गावी आजीला मनीऑर्डर केली, एक महिना चुकवला नाही. शिक्षण झालं की मी तिथे नोकरी करीन आणि घरी पैसे पाठवीन. आता माझी पाळी आहे.

“काय बोललो तो?” काकींनी विचारलं. त्याने मराठीत सांगितलं. काकींनी पदर डोळ्यांना लावला.

तुम्ही लालबागचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे मुलाने याहून चांगलं काही बोलायचं नसतं. गावाहून मुंबईला यायचं ते कमवायला, आणि कमवायचं ते घरी पाठवायला – याच शिस्तीवर आमच्या चाळी उभ्या होत्या. असं उत्तर देणाऱ्याला कुणी परत पाठवील, हे वसंताच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. माझ्या डोक्यात ते होतं.

मी म्हणालो, “एक नंबर. यातला एक शब्द बदलू नकोस.”

काकींनी डब्यातून पंधरा रुपये काढून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, शुक्रवारी मुलाखतीला टॅक्सीने जायचं, शर्टाची इस्त्री मोडायला नको, आणि तू त्याच्यासोबत जा.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो, की त्याला खोटं बोल असं मी कसं सांगणार होतो? खरं बोलणाऱ्याला मी अडवलं नाही, एवढंच. पण हे कारण मला नंतर सुचलं. त्या वेळी खुर्चीवर बसून मला फक्त बरं वाटत होतं.

मंगळवार ते शुक्रवार मी त्याला सात वेळा भेटलो. मोजलं आहे. नळावर दोनदा, जिन्यात तीनदा, एकदा तो आमच्याकडे बुटाचं पॉलिश मागायला आला तेव्हा. आणि सातव्या वेळी टॅक्सीत, जवळजवळ अर्धा तास, खांद्याला खांदा लावून. वाटेत त्याने ते उत्तर पुन्हा म्हणून दाखवलं. “पाठ केल्यासारखं वाटतं का रे?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “नाही, मनापासून वाटतं.” ते खरंच तसं वाटत होतं.

मी वकिलातीसमोरच्या फूटपाथवर दोन तास उभा होतो. तो बाहेर आला तेव्हा लांबूनच कळलं.

“तू बरोबर ओळखलं होतंस, सुऱ्या,” तो म्हणाला. “हाच प्रश्न आला. मी तसंच सांगितलं. साहेब हसला पण. मला वाटलं, झालं काम. मग त्याने शिक्का मारला.”

येताना आम्ही बसने आलो. टॅक्सीचे उरलेले पैसे माझ्याकडून घेऊन त्याने मोजून काकींना परत दिले.

इथवर जे सांगितलं ते माहीत असलेलं दडवून गप्प बसण्याबद्दल होतं. गप्प बसणाऱ्याला वाटतं, आपण काही केलं नाही. पण मी एक वाक्य बोललोही – खरं तर तेवढंच सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय.

पुढच्या आठवड्यात वसंता गॅलरीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “विद्यापीठ म्हणतंय जानेवारीतही येता येईल. परत अर्ज केला तर? तुझ्या ऑफिसात असले कागद असतात, तुला काय वाटतं?”

मी म्हणालो, “एकदा शिक्का बसला की बसला रे. त्यांच्याकडे नोंद राहते. पुन्हा गेलास तर कायमचं बंद करतील.”

शेठच्या पुतण्याच्या पासपोर्टातला तसलाच शिक्का मी हातात धरून पाहिला होता. त्याचा दुसरा अर्ज मीच टाइप केला होता.

वसंता म्हणाला, “बरं झालं तुला विचारलं.”

जानेवारी गेला. त्या मसाल्याचं काय झालं ते सांगतो. काकींनी तो खाणावळीत काढला, तीन-चार महिने पुरला. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायचो. बांगड्याचं कालवण असायचं, त्याच मसाल्याचं. मी दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचो. कसं गेलं ते घशाखाली? गेलं.

वसंता डोंबिवलीच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात लागला आणि तिथेच राहिला. आता त्याच्याही नखांत तो निळा रंग आहे. माझी खुर्ची सरकत सरकत अकाउंट्स मॅनेजरपर्यंत गेली. परळला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. हेवा तिथे थांबायला हवा होता – माझ्याकडे आता त्याच्यापेक्षा सगळंच जास्त होतं. तरी तो भेटला की मी त्याचा चेहरा तपासायचो, त्यात कुठे कडवटपणा दिसतो का म्हणून. दिसला असता तर बरं वाटलं असतं. तो कधी दिसला नाही, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

यंदा माझ्या मुलीला, नेहाला, अमेरिकेत प्रवेश मिळाला. मुलाखतीच्या आधीच्या रविवारी वसंता बायकोला घेऊन आला. त्याच्या कारखान्यातल्या दोघांची मुलं तिकडे गेली आहेत, त्यामुळे त्याला आता सगळं माहीत असतं. तो माझ्या खुर्चीवर बसला.

“मी साहेब. बोल, शिक्षण झाल्यावर काय करणार?”

“तिथे थोडा एक्सपीरियन्स घेईन काका, मग बघू.”

“नापास. म्हणायचं, परत येणार. आईबाबा इथे, घर इथे. पाठ कर.”

“पण खरं तर –”

“खरं मी सांगून आलोय गो. दोन मिनिटांत बाहेर.”

सगळे हसले. वसंता सर्वांत मोठ्याने. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आपल्याला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, नाय रे?”

मी म्हणालो, “नाही.”

नेहाला व्हिसा मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी वसंता पुन्हा आला, सोबत काकींच्या मापाने केलेला दोन किलो मसाला, तीन पिशव्यांत घट्ट बांधलेला. आणि एक पाकीट. मी ते नंतर उघडून मोजलं. पाचशे एक रुपये – वसंताकडून, माझ्या मुलीला.