हेस्टर फॉसेटच्या तोंडचा शब्द

आमच्या खोऱ्यात आजाऱ्याला "बेटर" म्हणायचा हक्क एकट्या हेस्टर फॉसेटचा. मेलेल्याला आंघोळ घालायचं कामही तिचंच. त्यामुळे ती दुरून आपल्या वाटेला लागलेली दिसली की घरात कोणी खोकणारं असलं तर त्या घरची बाई एप्रनखाली हात चोळत बसायची. ही कशाला येतीय, ते चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही.

खाली शहरातली माणसं हा शब्द उधळतात. काल ताप होता, आज जरा उतरला, की झाला बेटर. आम्ही यॉर्कशरच्या वरच्या अंगाची माणसं. आमच्यात "कसा हाय?" म्हटलं की "मधलाच" एवढंच उत्तर. बेटर म्हणजे खडखडीत, आत काही उरलं नाही असा. हेस्टर म्हणायची, "रचलेल्या दगडांचा गडगा उभा असतोय, न्हाईतर त्यात भगदाड असतंय. जरासा उभा गडगा कुनी बघितलाय?"

ज्या घरात लाल ताप शिरला त्या घराच्या फाटकावर पोतं टांगायचं. ताप उतरला तरी तळपायांची सालपटं गळायची थांबेस्तोवर तो दुसऱ्याला लागतो, असं आमची जुनी माणसं सांगायची. पोतं असेस्तोवर कोणी आत जायचं नाही, आतल्यानं बाहेर यायचं नाही. दूध गडग्यावर ठेवून लांब व्हायचं. हेस्टरनं फाटकात उभं राहून शेजाऱ्याला "बेटर" असं सांगितलं की पोतं जाळायचं, आणि मग पोरंटोरं, कुत्री, सगळी आत.

आमच्या चॅपेलात एक म्हातारे प्रवचनकार यायचे. त्यांना शब्दांचा नाद. एकदा हेस्टरच्या चुलीपाशी बसून ते सांगायला लागले की गुड आणि बेटर ही एका आईची लेकरं नव्हेत. बेटरचा स्वतःचा मूळ शब्द कधीचाच हरवला, म्हणून तो गुडच्या घरी दत्तक गेला. त्याचं खरं नातं "बोट" नावाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी. त्या एका शब्दात औषधपाणी, डागडुजी, नुकसानीची भरपाई, सगळं मावायचं. कुंपण सांधायला रानातलं लाकूड आणायच्या हक्काला आपले पणजे हाच शब्द लावत. "म्हणजे हेस्टरबाई, बेटर म्हणजे मुळात सांधलेला."

हेस्टरनं भाकरी उलटली. "आन सांधलेलं परत उसवतंय का, ते काय म्हनतंय तुमचं पुस्तक?"

म्हाताऱ्यांनी टोपी उचलली. "पुस्तक गप्प आहे. पण मी चार पोरं पुरलीत. उसवतं."

असं ती का विचारते, ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या बहिणीची अ‍ॅलिस तापातून उठली, अंगणात उड्या मारायला लागली, आणि हेस्टरनं एका संध्याकाळी फाटकात येऊन "बेटर" म्हटलं. अ‍ॅलिसच्या टाचांची सालपटं अजून गळत होती. ती हेस्टरनं पाहिली होती, पण पोर हसत होती म्हणून मनावर घेतली नाहीत. पोतं जळालं. महिना सरायच्या आत वस्तीतले तीन पाळणे रिकामे झाले. एक जेबेझ पीकॉकचा. तिन्ही लेकरांना आंघोळ हेस्टरनंच घातली. दुसरं कोण घालणार? जेबेझ तिचा सख्खा शेजारी, मध्ये एक गडगा. त्या दिवसापासून तो तिच्याशी मेंढरांपुरतं बोलायचा.

मी सांगतोय तो उन्हाळा त्यानंतरचा. हेस्टर विधवा, घरात मुलगा एनॉक आणि धाकटी मर्सी. ऐन गवतकापणीच्या तोंडावर मर्सीचा घसा सुजला, अंगावर लाल पुरळ उठलं. हेस्टरनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या फाटकावर पोतं टांगलं.

पोर वाचली. ताप उतरला, ओटची भाकरी मागून खायला लागली. पण पोतं हललं नाही. आमच्याकडे गवत कोणी एकटा कापत नाही. सगळी वस्ती मिळून एकेकाचं रान धरायचं. सगळ्यांची रानं झाली, फॉसेटांचंच उभं राहिलं. ते गेलं तर गाई हिवाळ्यात काय गडगा चघळणार?

एनॉक आतून चिडायचा. "आये, पोरगी घरभर नाचतीय. अजून काय पायजे तुला?"

"टाचा."

"टाचांपायी गाई मारतीस व्हय?"

"गाईंना आंगूळ घालावी लागत न्हाई," हेस्टर म्हणाली.

ती रोज सकाळी मर्सीला दारातल्या उजेडात बसवायची आणि तळपाय मांडीवर घेऊन बघायची. बोटांच्या बेचक्यातून नख फिरवायची. कोंड्यासारखी पांढरी सालपटं तिच्या काळ्या घागऱ्यावर पडायची, आणि ती घागरा चुलीत झटकायची. मग परत पहिल्या बोटापासून सुरू करायची. एनॉकला वाटायचं, म्हातारी झाली म्हणून.

मग एका सकाळी डोंगरावर ढग बसले. आम्ही सगळे विळे घेऊन फॉसेटांच्या फाटकाबाहेर जमलो. कोणी बोलावलं नव्हतं. दुपारपर्यंत कापलं असतं तर निम्मंशिम्मं तरी वाचलं असतं. जेबेझही आला होता, सगळ्यांच्या मागं.

"हेस्टरमावशी," सायमन कोट्स ओरडला, "आज काय ते सांगून टाक. माझी पाठ ह्या खेपंला फुकट आलीय, परत यायची न्हाई."

"तुझी पाठ खानावळीत बरी वाकती," कोणीतरी म्हणालं, आणि थोडं हसू झालं.

बाहेर माणसं, म्हणून आज आतल्या अंधुक उजेडातच हेस्टरनं मर्सीचे पाय मांडीवर घेतले. एकही सालपट नाही. तळवे स्वच्छ. हे तिनं पुढं माझ्या बायकोला सांगितलं. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि तिला आनंदाऐवजी भीतीच वाटली. ती उठली, फाटकाकडे निघाली. उंबऱ्यावर पाय ठेवला तर ओला. उंबरा घासायचा दगड बाजूला पडलेला, भिजलेला. इतक्या सकाळी उंबरा कोणी घासला नव्हता.

ती परत फिरली. मर्सीचा पाय पुन्हा धरला, उजेडाकडे वळवला. टाच लालभडक, सोलवटलेली. कडेला बारीक रक्त.

"दगडानं घासलंस?"

मर्सी रडली नाही. "गाई, आये. माझ्यापायी गाई जात्याल."

हेस्टर बाहेर आली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. पाऊस अजून पलीकडच्या डोंगरावर होता. एनॉक गोठ्याच्या दारात विळा परजून तयार होता.

"मधलीच हाय," ती म्हणाली.

सायमननं शिवी हासडली. एनॉकनं विळा जमिनीवर आपटला. "समद्यांच्या तोंडावर सांगतो, म्हातारीचं डोकं फिरलंय. ती पोर ठनठनीत हाय."

मला सांगायला हरकत नाही, आमच्यातले निम्मे एनॉकच्या बाजूचे होते. दोघं तर फाटकाला हात लावायच्या बेतात. तेवढ्यात मागून जेबेझ पुढं आला. त्यानं फाटकाकडे पाठ केली आणि विळा खांद्यावर टाकला.

"तिनं न्हाई म्हटलं," तो म्हणाला. "घरला चला."

तो चालायला लागला. मग एकेक करून आम्हीही.

पाऊस दुपारी उतरला आणि आठवडाभर हलला नाही. गवत जागच्या जागी काळं पडलं. दोन गाई हिवाळ्याआधी खाली बाजारात गेल्या. एनॉक आईशी बोलेना. मर्सीही भिंतीकडे तोंड करून झोपायची. वस्तीत कोणालाही ताप आला नाही. ती त्या सकाळी "बेटर" म्हणाली असती तर आला असता का, हे कोणाला सांगता येणार? सायमन आजही म्हणतो, नसता आला. म्हणू दे. त्याला लेकरं नाहीत.

टाचा आपोआप गुळगुळीत झाल्या तेव्हा बाहेर गवताचं पातं उरलं नव्हतं. घाई करायला कोणीच नव्हतं. तरी हेस्टर दोन दिवस फाटकापर्यंत जाऊन परत यायची. तिसऱ्या दिवशी जेबेझ त्याच्या बाजूनं गडग्याचे पडलेले दगड रचत होता. ती समोर उभी राहिली.

जेबेझ दगड हातात धरून थांबला. "बोल की. हात मोडतोय माझा."

"बेटर," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की त्याला ओठांवरून ओळखावं लागलं असेल.

त्यानं दगड नीट बसवला. मग फाटकावरचं पोतं उतरवून आत आला, मर्सीच्या अंथरुणाशेजारच्या खुर्चीत बसला आणि मेंढरांचं काहीतरी बोलत राहिला. उठायची घाई केली नाही. हेस्टर मात्र दारात उभी. त्याच्या श्वासाकडे बघत.

त्यानंतर रोज उजाडताना ती परसात यायची आणि पीकॉकांच्या धुराड्याकडे बघत राहायची. धूर वर चढला, म्हणजे जेबेझ धडपणी उठला, की घरात जायची. एका सकाळी धूर उशिरा आला. तोवर ती अनवाणी गडग्यापर्यंत पोचली होती, आणि एक पाय वर टाकलेला होता.