कियोकोचं बारसं

निमिषला स्वतःचं असं मत कधी नव्हतंच. पुण्यात मित्रांनी घेतली तीच बाइक त्यानं घेतली, आणि अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्यावर ऑफिसातल्यांनी डोक्यावर घेतलेलं जपान यानंही घेतलं. सकाळच्या पोह्यांवर चहाऐवजी तो हिरवागार माचा, कोथिंबीर चिरायलासुद्धा जपानी सुरी! लेकीच्या बारशासाठी अमेरिकेतल्याच दूरच्या नोव्हायहून आलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला, नेत्राला, हे सोंग पाहून तिटकाराच आला.

पण भाचीचं नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि नेत्राच्या मनात एकच नाव होतं: मालिनी. गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या आईचं. फोनवर निमिष फिदीफिदी हसला होता.

"ताई, यार, मालिनी म्हणजे अगदीच आजीबाई! आम्ही कियोको फायनल केलंय. जॅपनीज आहे, मीनिंग निर्मळ. साइटवर ट्रेंडिंग दाखवतंय."

हॉस्पिटलातून बाळ घरी येण्याआधीच बर्थ सर्टिफिकेटसाठी ते नाव देऊनही झालं होतं. आत्याच्या वाट्याला फक्त कानात सांगणं उरलं होतं.

बारशाला निमिषनं आपले जपानी बॉस मोरी यांना मुद्दाम बोलावलं होतं. शाबासकी हवी होती ना! मोरींनी आल्या आल्या नाव विचारलं आणि ऐकताच त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या आजीचं नाव," ते इंग्रजीत म्हणाले. "तिच्या वयाच्या कितीतरी बायका कियोको असायच्या. हल्ली फारसं कुणी ठेवत नाही. तुम्ही जुनं नाव जपलंत, किती छान!"

निमिषचा चेहरा खर्रकन उतरला. तो नेत्राला किचनमध्ये घेऊन गेला.

"ताई, ऐक ना, अजून चेंज करता येतं. मालिनीच ठेवू या? तसंही विंटेज नावं परत येतायत."

हेच ऐकायला नेत्रा एवढ्या लांब आली होती. आता मात्र तिला भावाची किळस आली.

"तुझं फसलं, तेव्हा आई आठवली होय रे? त्या परक्या माणसाला आजीच्या नुसत्या नावानं रडू आलं. तुझ्या तोंडी आईचं नावही नको."

ती पाळण्याशी गेली. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. वाकून तिनं बाळाच्या कानात स्वच्छ सांगितलं, "कियोको."

आईचं नाव ती आणलं तसंच नोव्हायला परत घेऊन गेली.