कांबळेकाकांचं शिंकं

मी एकदा अमेरिकेच्या लढाऊ जहाजाच्या दिशेनं नारळ फेकला होता. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नातवंडांना चघळायला काही उरणार नाही. तेव्हा मी अवघी अडुसष्ट वर्षांची. अक्कल यायचं वय नव्हतं ते. फेकला मी, भोगलं मात्र कांबळेकाकांनी.

काका मुंबईच्या नौदल गोदीत अडतीस वर्षं दोरखंडांच्या कामावर होते. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, सहा महिन्यांसाठी मुलाकडे इथे अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीला आलेले. वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात सगळेच त्यांना काका म्हणत, म्हणून मीही. खिशात कायम सुतळीचं भेंडोळं. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की भर रस्त्यात खाली बसायचे. "पाय पुढे करा, ताई." पहिल्यांदा मी पाय साडीत ओढून घेतला. परपुरुष ना! नव्या नवरीनंही इतकं लाजू नये.

"लाजा नंतर, आधी पडू नका," ते म्हणाले आणि नाडी बांधून उठले. "गाठ कशी हवी? ओढली तर घट्ट, सोडायची म्हटली तर एका झटक्यात. नाहीतर सुरी आणावी लागते."

ऑगस्टमध्ये मंडळाची सहल बोस्टनच्या जुन्या नौदल बंदरावर निघाली. तिथे शिडांचं एक जुनं लाकडी युद्धजहाज आहे. काका आठवडाभर त्याचंच बोलत होते. "आम्ही तारेचे दोर ओढले, ताई. हे अख्खं जहाज दोरावर चालायचं! डोलकाठीच्या बुडाशी गाठी कशा मारल्यात, तेवढं हात लावून बघायचंय." चार दिवसांनी त्यांचं परतीचं विमान होतं. म्हणजे हीच एक संधी.

आणि त्याच दिवशी नारळी पौर्णिमा. मी मालवणची. श्रूजबरीला समुद्र नाही. तळं आहे, पण त्यात नारळ टाकला तर बदकं रागावतात. म्हणून पिशवीत, थालीपिठांखाली, नारळ.

गाइड पोरगी गोड होती. माइकवर सांगत होती, चारनंतर जहाजावर कुणाला सोडत नाहीत. साडेतीन वाजले होते. तेवढ्यात मला पुढे पिशव्या उघडून तपासणारा गार्ड दिसला. नारळ काढून घेतला तर? मी रांगेतून सटकले, डोळे मिटले, हात जोडले आणि जोर लावून फेकला. धप्प! डोळे उघडले तर गार्ड धावत येतोय आणि माझा नारळ डुलत डुलत जहाजाच्या अंगाला जाऊन चिकटतोय.

"मॅम, व्हॉट डिड यू थ्रो?"

माझं सगळं इंग्रजी त्या नारळाबरोबर पाण्यात. एवढंच कळलं की ती वस्तू वर येईपर्यंत मी हलायचं नाही. बाकीच्यांना जायला परवानगी होती. गाइडनं काकांना हात केला, "सर, कम!" काकांनी एकदा जहाजाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रांग सोडली.

"जा हो तुम्ही," मी म्हटलं.

"मी नारळ-बिरळ मानत नाही, ताई. पण बाईमाणसाला परक्या पोलिसाजवळ एकटं सोडणंही मानत नाही." मग गार्डकडे वळून, "ओन्ली कोकोनट, सर. व्हेरी हार्ड फ्रूट. नो हार्म."

गार्ड हसला, पण नारळ वर हवाच होता. त्यानं आकड्याची लांब काठी आणली. आकडा नारळावरून घसरायचा, नारळ गिरकी घ्यायचा. तेव्हा काका तिथेच धक्क्यावर मांडी घालून बसले, सुतळी काढली आणि भराभर शिंकं विणलं. आमच्या माजघरात दह्याचं टांगायचे ना, तसंच. ते काठीच्या टोकाला बांधून दिलं. तिसऱ्या खेपेला नारळ शिंक्यात बसून, पाणी गाळत वर आला. गार्डनं टाळ्या वाजवल्या. शिंकं त्यानं मागूनच घेतलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शिडी बंद. काका साखळीशी उभे राहिले आणि मान मागे टाकून वर, त्या दोरांच्या जाळ्याकडे बघत राहिले. मी शेजारी, ओला नारळ कडेवर घेऊन.

ठरल्याप्रमाणे चार दिवसांनी ते गेले. पुन्हा येणं झालं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेले म्हणून. फोन ठेवला आणि उगाचच बुटाची नाडी सोडून त्यांच्यासारखी बांधून पाहिली. नाही जमली.

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी रडकुंडीला आले होते. म्हटलं, "काका, माझ्या मूर्खपणापायी तुमचं जहाज राहिलं." ते सुतळीचं उरलेलं टोक बोटाला गुंडाळत होते. म्हणाले,

"अडतीस वर्षं गोदीत होतो, ताई, पण जहाजाकडे नुसतं बघत उभा राहिलो असतो तर मुकादम ओरडला असता. आज तुमच्या नारळानं उभं केलं. आता तो फोडा, भूक लागलीय."