देवरावभाऊंचा वाजवतानाचा चेहरा

कुंदाताई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला ना? जिना जमतो का आता, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? वरोऱ्याचे भाऊ, तुमची साखर कशी आहे? जिलेबी सुटली म्हणून लिहिलं होतं तुम्ही, मला काही खरं वाटलं नाही. अमरावतीच्या सूनबाई, बाळ-बाळंतीण सुखरूप ना? आणि नाव न टाकता दर लेखाखाली माझ्याशी भांडणारे वाचक, तुमचा दमा थंडीत डोकं वर काढतो, तेव्हा काढा घेत जा आणि मग भांडा.

आमचं विचाराल तर तब्येत ठीक आहे. मन ठीक नाही. का, ते सांगायलाच बसलो आहे. सोबत रस्ता, खाणंपिणं, राहणं हेही लिहितो. तिकडे जाणाऱ्याला उपयोगी पडेल.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. मी मनोहर टेलर. आता नागपुरात मुलाकडे असतो, पण उमेदीची वर्षं राजुऱ्यात गेली, कपडे शिवण्यात. तिथल्या कोळसा खाणीच्या कॉलनीत तेव्हा एक बँड होता. खाणीत पाळी बदलताना भोंगा वाजतो, त्यावरून नाव भोंगा बँड. गणपती असो, दुर्गा असो, लग्न असो, भोंगा बँड आला की पोरं खुर्च्या बाजूला सारायची. त्यांचे चमकदार शर्ट मी शिवायचो.

कीबोर्डवर देवरावभाऊ. नोकरी खाणीच्या स्टोअरमध्ये, हेल्परची. कॉलनीतल्या एका इंजिनियरकडे परदेशी कॅसेटी होत्या, त्या ऐकून ऐकून हा माणूस शिकला. त्या संगीताला फंक म्हणतात हे मला परवापरवा मोबाइलवर कळलं. देवरावभाऊ त्याला ‘लचक’ म्हणायचे. डाव्या हाताने ठेका असा मागेपुढे ओढायचे, की नाचणाऱ्याचा पाय अडखळावा पण माणूस पडू नये. गाणीही त्यांचीच. डब्यात गार झालेली भाकर, तिसऱ्या पाळीची झोप, नवऱ्याच्या अंगाचा कोळशाचा वास. असल्या गोष्टींवर लोक नाचत होते, सांगून खरं वाटणार नाही.

पण देवरावभाऊ बसायचे लोकांकडे पाठ करून. बँडमधल्या कुणालाच लिहिलेले सूर वाचता येत नव्हते. ठेका कधी बदलायचा, कुणी थांबायचं, सगळं ते भुवयांनी सांगायचे. म्हणून तोंड वाजवणाऱ्यांकडे आणि पाठ आमच्याकडे. मीही मग त्यांच्या शर्टाची कलाकुसर पाठीवर करायचो. सोनेरी पट्टी, टिकल्या, जे काय ते मागे. पुढून शर्ट साधा, शाळामास्तरचा असावा तसा. ते हसायचे, “मनोहरभाऊ, माह्या मांगं मांगंच दिवाळी करता तुमी.”

कॅसेट एकच निघाली. तिच्यावर ‘गीत-संगीत’ म्हणून बँडच्या मॅनेजरचं नाव छापलं होतं. गायकाचा फोटो होता. देवरावभाऊंचं नाव कुठेच नव्हतं.

आता आमचा चाळीसेक जणांचा मोबाइलवरचा ग्रुप आहे, भोंगा बँडच्या जुन्या चाहत्यांचा. ग्रुप चालवतात बबनभाऊ, खाणीतले निवृत्त फिटर. त्यांनी शोधून शोधून देवरावभाऊंच्या घरचा नंबर मिळवला. फोन बायकोने, पार्वताबाईने उचलला. देवरावभाऊंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. नोकरी सुटल्यावर ती दोघं तिच्या माहेरी भामरागडला जाऊन राहिली होती आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

बबनभाऊंनी विचारलं, “बाई, आमच्यालायक काही काम?”

ती म्हणाली, “एक फोटो हाये का त्याईचा तुमच्यापाशी? वाजवतानाचा? आमचे सारे फोटो पुरात गेले. आधार कार्डावर हाये, पण त्याच्यात माणूस नाई, नुस्तं आजारपण हाये. घरातलं तोंड याद हाये मले. वाजवतानाचं तोंड म्या कधी पाह्यलंच नाई. मी तुमच्यातच बसत होती ना, पाठीमांगं.”

ग्रुपवर हे टाकलं आणि आठवड्यात एका सदस्याने फोटो पाठवला. स्टेजच्या मागच्या बाजूने काढलेला, ट्यूबलाइटखाली कीबोर्डवर वाकलेला, हसरा माणूस. जरा धूसर. पण कीबोर्डवर दुसरं कोण बसणार? चाळीस जणांनी हात जोडले, बदाम पाठवले. बबनभाऊंनी राजुऱ्यात फ्रेम करायला टाकली आणि आमचं जायचं ठरलं.

पहिला दिवस. नागपूरहून सकाळची चंद्रपूर बस धरली, साडेतीन तास लागले. पासष्टीच्या पुढच्यांनी आधार कार्ड विसरू नये, अर्ध्या तिकिटात काम होतं. स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. तर्रीचा लाल रस्सा वेगळा मागा, ओतून देतात तेव्हा पोह्यांचा चिखल होतो. बबनभाऊ आपली जुनी व्हॅन घेऊन आले होते. वर्धा नदीचा पूल ओलांडून तासाभरात राजुरा. कॉलनीचा रस्ता ओळखू आला नाही. अर्ध्या क्वार्टरांची दारंखिडक्या गेलीत, मैदानात बाभळी माजल्यात. आमचा बँड जिथे वाजायचा तिथे आता ट्रक धुतात. विचारलं तर धुणारा म्हणाला, “बँड? कोणता बँड? डीजे पाह्यजे का?”

फ्रेमच्या दुकानात गेलो. फोटो मोठा केला होता, दोन फूट उंच. मोबाइलच्या पडद्यावर जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. त्या माणसाच्या शर्टाला पुढून, छातीवर सोनेरी पट्टी होती.

फ्रेमजवळ जाऊन पाहिलं. पट्टी माझीच. टाकाही माझा. पण देवरावभाऊंच्या शर्टाला पुढून मी कधी दोरासुद्धा जादा लावला नव्हता.

बबनभाऊ डोळे पुसत होते. म्हणाले, “पाहा मनोहरभाऊ, कसं हसून राह्यला! चाळीस वर्षांनी दर्शन झालं भौ.”

आता काय बोलणार! मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी दुसऱ्याचा शर्ट घातला असेल. चेहरा मोठा होऊन आणखीच धूसर झालेला, आणि मला तरी तो कुठे नीट आठवतो? मापं घेताना माझी नजर टेपवर असायची. आणि फ्रेम झाली, बाईला कळवलं, ग्रुपवर रोज विचारणा, व्हॅनची टाकी भरलेली. दुकानदाराने कागद गुंडाळला, मी दोरी बांधली. गाठ चांगली पक्की मारली.

रात्री लॉजवर राहिलो. साधी खोली, गरम पाणी बादलीभर मिळतं, तक्रार नाही.

दुसरा दिवस. सकाळी सहाला निघालो. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आष्टीला वैनगंगेच्या पुलापर्यंत ठीक. पुढे मात्र सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून एकामागून एक येतात. झाडं पार लाल झालीत, पानांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. जाणाऱ्यांनी तोंडाला रुमाल ठेवावा, काचा बंद आणि घाई घरी ठेवावी. बबनभाऊंनी गाडीत भोंगा बँडची कॅसेट लावली होती, मोबाइलवर उतरवून घेतलेली. भाकरीचं गाणं लागलं की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचे.

“ऐका, ऐका! इथी डावा हात ऐका. असा कोणी वाजवून दाखवा म्हणा लेकहो!”

मी मान हलवत होतो. एरवी ते गाणं लागलं की माझ्याही मांडीवर हात चालतो. त्या दिवशी चालला नाही. आलापल्लीला इडली-सांबार चांगलं मिळतं, बबनभाऊंनी दोन प्लेटी खाल्ल्या. मी माझीही त्यांच्याकडे सरकवली.

“काऊन, तब्येत बरी नाई का?” त्यांनी विचारलं.

“धूळ लागली,” मी म्हणालो.

आलापल्लीपासून भामरागड पासष्टेक किलोमीटर. पेट्रोल आलापल्लीलाच भरा. सागाचं जंगल दोन्ही बाजूंनी, मध्येच कापलेल्या धानाचे ढीग. हे दिवस चांगले, रस्ता कोरडा असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की पुलावरून पाणी जातं, गाव तुटतं आणि बाजारात होडी चालते. घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा दिसतात. पार्वताबाईच्या घरातली रेघ माझ्या खांद्याला लागत होती.

घर तिच्या भावाचं, नदीवर मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीत. आम्हाला वाटलं होतं चहा घेऊ, फ्रेम देऊ. तिथे पाहतो तर अंगण शेणाने सारवलेलं, पाट मांडलेला, पाटावर नवं कापड. पंचवीस-तीस माणसं बसलेली. पार्वताबाईने झेंडूचा हार स्वतः ओवला होता. चुलीवर मासोळीचा रस्सा आणि मोठ्या गंजात भात. स्वच्छ पातळ नेसून ती दारात उभी होती, सत्तरीची, काटक.

“रस्त्यानं तरास झाला असंन,” ती म्हणाली. “हातपाय धुवा. का आधी त्याईले आणता बाहेर?”

बबनभाऊंनी फ्रेम आणून पाटावर ठेवली. दोरी तिने सोडायला घेतली. माझी गाठ तिला सुटेना. शेवटी भावाने विळ्याने कापली.

कागद निघाला. तिने पदराने काच पुसली, एकदा, दोनदा. मग म्हणाली, “हा कोण हाये?”

बबनभाऊ हसले. “बाई, नजर कमी झाली का? देवरावभाऊच ना. कीबोर्डवर बसले हायेत, पाहा.”

“चाळीस वर्ष संसार केला त्याईच्यासंगं, आन् तुमी मले ओळख सांगून राह्यले?” ती पुन्हा वाकली. “हा तर मॅनेजर हाये. तोच. लोकं जमाच्या आंधी याले त्या पेटीसमोर बसून फोटो काढाची लय हौस. हे सांगत होते मले घरी येऊन, हसू हसू.”

मागून एक म्हातारबुवा बोलले, “नागपूरवरून एवढ्या लांब मॅनेजर आणला का भाऊ? आमच्या इथी साहेब लोकं का कमी हायेत?”

दोघेतिघे हसले. बबनभाऊंचा चेहरा पडला. “फोटो ग्रुपवर आला होता... साऱ्याईनं ओळखला होता...” असं काहीतरी पुटपुटले आणि व्हॅनकडे गेले, ते कितीतरी वेळ आलेच नाहीत.

पार्वताबाईने हार उचलला आणि टोपलीत परत ठेवला. फ्रेमवर कागद टाकला. मग सगळ्यांना पंगतीला बसवलं. आम्हालाही. रस्सा फार चांगला झाला होता, आंबाडीची आंबट चव असलेला. आग्रहाने वाढलं तिने. असं जेवण कुणाच्या वाट्याला येऊ नये.

लोक पांगल्यावर मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, “पार्वताबाई, मी टेलर. शर्ट शिवत होतो त्यांचे. मला राजुऱ्यातच शंका आली होती. शर्टावरून.”

“मंग काऊन नाई बोलले?”

ग्रुप नाही, चाळीस माणसं नाहीत, फक्त ती आणि मी. सगळे इतके खुश होते, म्हटलं.

ती भांडी गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, “कॅसेट निघाली तवा बी सारे खुशच होते. गाणी कोणाची, साऱ्या कॉलनीले माहीत होतं. तुमाले बी माहीत असंन.”

होतं. मला माहीत होतं, मंडळी. कॅसेट निघाली त्या दिवशी मॅनेजरने कॉलनीत पेढे वाटले. मी खाल्ले. नव्या शर्टांची ऑर्डर त्याच्याकडूनच यायची होती.

“हे काई बोलले नाई कोणाले,” ती म्हणाली. “रातपाळी करून आले, झोपले. दुसऱ्या दिशी म्हणत, जाऊ दे, वाजते तं आपलंच ना. मी म्हटलं, होय. काय म्हणाव मंग?”

निघताना तिने फ्रेम आमच्या हातात परत दिली. रागाने नाही. “काच चांगली हाये, दुसऱ्या कामाले येईन,” म्हणाली.

तिसरा दिवस. रात्र भामरागडच्या बाजारातल्या एका खोलीवर काढून परत निघालो. आलापल्लीला मी बबनभाऊंना शर्टाचं सांगितलं. त्यांनी व्हॅन बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

“म्हणजे तुम्हाले माहीत होतं? दोनशे किलोमीटर माह्याजवळ बसून होते, अन् माहीत होतं?”

“शंका होती.”

“सुई टोचली तं बोंबलता तुमी. इथी तोंडाले काय टाके घातले होते?” एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली. चंद्रपूरच्या स्टँडवर माझी पिशवी उतरवून दिली, नमस्कार केला आणि गेले. ते अजून फोन उचलत नाहीत.

घरी येऊन बारा दिवस झाले. ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. सहा जणांनी वाचून अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, “आता झालं गेलं.” आज सकाळी कुणीतरी तोच फोटो पुन्हा टाकला, ‘आपले लाडके देवरावभाऊ’ म्हणून, आणि खाली बदाम सुरू झाले. मी लिहिलं, हा तो नव्हे. त्याखालीही बदाम येत राहिले.

लोक विचारतात, प्रवासातून काय आणलं? आलापल्लीची धूळ अजून सदऱ्याच्या शिवणीत आहे. आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एवढं कळलं, की देवरावभाऊंचं नाव एकट्या मॅनेजरने नाही खाल्लं. आम्ही चाहत्यांनी त्याला वाढलं, पंगतीत बसवून.

आता तुमच्याकडे काम आहे. राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर, गोंडपिपरी या भागात त्या काळी ज्यांच्या घरी लग्न झालं, गणपती बसला आणि भोंगा बँड आला, त्यांनी ट्रंका उघडा. अल्बमची चिकटलेली पानं घाई न करता सोडवा. स्टेजच्या मागून काढलेला एखादा फोटो असेल, नवरदेवाचा मामा नाचतो आहे आणि त्याच्या पलीकडे अर्धा-मुर्धा कीबोर्ड दिसतो आहे असा. त्यावर वाकलेला सावळा, रुंद कपाळाचा माणूस, उजव्या भुवईत जुन्या जखमेची खाच, ही खूण पार्वताबाईनेच सांगितलेली. फाटका चालेल, डाग पडलेला चालेल. मी आधी पार्वताबाईला फोनवर वर्णन करून विचारीन, मग नेऊन देईन, एकटा गेलो तरी.

पावसाळा लागला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तिचं वय सत्तर आहे. सापडला तर लिहा, नाही सापडला तरी शोधला एवढं लिहा. पण लवकर लिहा.